माळ मोकळा नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगता आलं असतं, पण तो ऐकून घेणारा नव्हता, आणि आता तर तो नाही. तुम्ही ओळखीचे नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

माझ्या धाकट्या दिराचा मुलगा अंगद. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. तीन वर्षं खपून त्याने पत्र्याच्या शेडात विमान बनवलं — जुन्या गाडीचं इंजिन, अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, वर ताणून बसवलेलं कापड. एक माणूस बसेल एवढंच. गाव हसलं. मग ते उडालं, तेव्हा तेच गाव नारळ घेऊन आलं.

नेकनूरच्या अलीकडे आमचा माळ आहे. त्यातला एक लांब पट्टा अंगदने दगड वेचून साफ केला, विमान उतरवायला. घरोघर जाऊन हात जोडले — तिथे जनावरं आणू नका. मी त्याची चुलती, म्हणून राखण माझ्याकडे. लोकांना मी शिव्या घालून हाकलायचे. आणि स्वतः? कोणाचं जनावर जात नव्हतं, म्हणून तिथे गवत दाट आलं होतं. माझ्या नऊ शेळ्या मी तिथेच चारायचे. विमानाचा आवाज लांबून यायचा. आवाज आला की शेळ्या हुसकायच्या, पट्टा मोकळा करायचा. पावसाळाभर असंच चाललं. अंगदला कळलं नाही.

त्या दिवशी आवाज आला नाही. कसा येणार? इंजिन वरच बंद पडलं होतं.

मान वर केली तर विमान समोर, बाभळीएवढ्या उंचीवर. पुढचा पंखा थांबलेला. मी काय करायला हवं होतं — बाजूला पळायचं, एवढंच ना? मी शेळ्यांकडे पळाले, पट्ट्याच्या मधोमध. अंगदने विमान वळवलं. पंख दगडी बांधावर आदळला आणि सगळं कोलमडलं.

इथवर चूक म्हणता येईल. पुढच्याला चूक म्हणता येणार नाही.

तो तारांत अडकून ओरडत होता. गुडघ्याचं हाड बाहेर आलं होतं. मी ते बघितलं — आणि आधी शेळ्या नाल्यापलीकडे घातल्या. एक करडू मागे राहिलं, तर त्याच्यासाठी परत आले, उचलून नेलं. मग अंगदकडे गेले. का? लोक येतील, शेळ्या बघतील, म्हणतील राखणारीनेच खाल्लं. एवढ्यासाठी.

डोक्याला मार लागला होता, इंजिन बंद पडल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं; विमान वळून बांधावर आदळलं, हे लोकांनी सांगितलेलं. दवाखान्यात त्याने मला विचारलं, "काकू, म्होरं माळ मोकळा व्हता ना? मग मी का म्हून वळलो?"

"मोकळाच व्हता," मी म्हणाले. "तूच भ्याला अन् वळला."

'भ्याला' हे मी माझ्या मनाने घातलं. 'ठाऊक नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोलिसालाही तेच सांगितलं, खाली सही केली.

पाय ताठ राहिला. विमान त्याने भंगारात घातलं. पारावरचे लोक अजून टोकतात, "काय बे पायलट, भ्या गेलं का न्हाई?" तो हसतो. "इंजिनचा दोष न्हाई, मीच भ्यालो," म्हणतो. मोटारी खोलणंही सोडलं त्याने. म्हणतो, ऐन वेळेला माझा हात काय करंल, भरवसा न्हाई. दसऱ्याला सोनं द्यायला येतो, गुडघा वाकत नाही, तरी काठी टेकून माझ्या पाया पडतो. मी डोक्यावर हात ठेवते. दर वर्षी ठेवते.

अंगद भ्याला नव्हता. बंद पडलेलं विमान त्याने नीट पट्ट्यावर आणलं होतं. मधे मी होते, नऊ शेळ्या घेऊन, आणि तो मला वाचवायला वळला.