काकींच्या लग्नाचा चिकटलेला रोल

मंडळी, दुपारी घडलेलं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बाबांच्या फोटो स्टुडिओतले जुने फिल्म रोल मी डिजिटल करतेय. टॅबची पांढरी स्क्रीन, वर दुधी काच, स्टँडला मोबाईल. निगेटिव्हची पट्टी सरकवायची, फोटो काढायचा, मोबाईलवर रंग उलटे करायचे. दहा मिनिटांत अख्खा रोल होतो.

आज शेजारच्या सुमनकाकी आल्या. त्यांचा भाऊ कित्येक वर्षांपूर्वी बुरोंडीहून होडी घेऊन समुद्रात गेला तो परतलाच नाही. काकींच्या लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला, त्यामुळे त्याचा फोटो आता फक्त बाबांनी तेव्हा काढलेल्या रोलमध्ये. आणि नेमका तोच रोल दमट हवेने चिकटलेला!

"ओढू नको गो, फाटेल," काकी कुजबुजल्या. "मला त्याचा चेहरा आठवत नाय आता."

मी रोल पाण्यात भिजवला. पट्टी सुटू लागली, तसे पाण्यात फोटोच्या थराचे काळे कण उतरले. चार फोटो पुसलेच गेले.

पट्टी वाळल्यावर मी ती काचेवर ठेवली. मग मोबाईलवर काकींचा भाऊ दिसला. अर्धाच चेहरा उरला होता.

काकींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "कान बघ. आमच्या बापाचेच."

कपाटात अजून कितीतरी रोल आहेत. उघडायची भीती वाटतेय, न उघडण्याचीही. तुम्ही काय केलं असतं?