सोपानचं न मावणारं दार

२००४ साल, माझं वय त्रेसष्ट. गेल्या महिन्यात सोपानच्या लेकीचा, सुजाताचा फोन आला. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. मी तसाच अनवाणी बिबवेवाडीत सोपानच्या घरी पोचलो आणि खरं सांगतो, त्याचं दार बघून त्या घडीलाही मला हसू आलं!

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका निघतील, निघू देत, पण हे मीच सांगणार. सोपान आणि मी एकाच कारखान्यात छत्तीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे लोखंडी भागाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, पडलेल्या साच्यात लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमची पट्टीच निराळी, तिचा फूट खऱ्या फुटाहून किंचित मोठा. सोपाननं घर बांधलं तेव्हा चौकट सुताराकडून आणली आणि दार स्वतः केलं... सवयीनं कारखान्याच्या पट्टीनं! दार चौकटीत जाईना. सगळं खातं हसलं.

मी म्हणालो, "पाऊण इंच तर आहे. मार रंधा."

"दार माझ्या हातचं आहे मारुत्या, चौकट विकतची. चौकट खोदीन."

आणि खोदली की पठ्ठ्यानं!

पुढं बाहेरच्या कंपन्या आल्या, आमच्याकडं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. आमचं आठवड्याचं काम ते जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं. स्वेच्छानिवृत्तीचे कागद निघाले. मी तीन महिने सही केली नाही, अडून बसलो. सोपाननं पहिल्याच दिवशी केली, वर पेढे वाटले!

"डोकं फिरलं का तुझं?"

"जन्मभर दुसऱ्याचं ड्रॉइंग बघून लाकूड कापलं. आता ते मशीन बघेल. मी सुटलो!"

मग त्यानं पक्षी करायला घेतले. सागाचे तुकडे, एक पटाशी, बस्स. असले पक्षी पुण्यात काय, कुठंच नसतील. मी विचारलं, "ह्याचं ड्रॉइंग कुठंय?"

"त्याच्या आईकडं असेल. जा, मागून आण."

"हा पोरखेळ आहे, सोपान्या."

"मग एक करून दाखव."

मी कारागीर आहे, असले चाळे करत नाही, म्हणून उठून आलो. खरं तर मी घाबरलो होतो. छत्तीस वर्षांत स्वतःच्या मनानं मी साधा चमचा केला नव्हता. ड्रॉइंगचा कागद काढून घेतला तर ह्या हातांत काही उरतं का, ते बघायची माझी छाती नव्हती. आणि हा गडी साठीत रोज सकाळी नवा जन्मल्यासारखा उठत होता!

सोपान गेल्यावर पंधरा दिवसांनी सुजाता माझ्या घरी आली. पिशवीत कारखान्याची ती जुनी पट्टी आणि एकाच पंखाचा पक्षी.

"बाबा म्हणाले होते, दुसरा पंख मारुतीला करायला सांग. ड्रॉइंग मागेल, देऊ नकोस."

संध्याकाळभर मी त्याच पट्टीनं पहिला पंख तीनतीनदा मोजला, आकडे कागदावर उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, कागद चुलीत घातला आणि पटाशी हातात घेतली. पंख बोटभर मोठा झाला, खाचेत बसेना. पंख तासला नाही. पक्ष्याच्या अंगातली खाच खोदली.