टणक टोकाची काडतुसं

महागावच्या अलीकडे सडक सोडून गाडीवाटेनं आत वळलं की टेकडीच्या पोटाशी एक तांडा लागायचा. तांडा खरं तर हरिसिंग नायकाचा. पण आसपासची गावं त्याला डोंगरसिंगचा तांडा म्हणत, कारण बंदुकीचं लायसन डोंगरसिंगच्या नावावर होतं आणि नायकापेक्षा बंदूक लांबवर ऐकू जाते. हरिसिंगाला याचं वाईट वाटत नसे. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांच्या हातून जेवढं नुकसान व्हायचं तेवढं त्याच्याही हातून झालं.

डोंगरसिंगचं नाव झालं ते एका रानडुकरामुळं. विशीत असताना तो आणि त्याचा जिवाभावाचा मित्र रूपसिंग एका जखमी डुकराच्या मागं बोराटीच्या जाळीत शिरले. डुकरानं रूपसिंगचं पोट फाडलं. डोंगरसिंगनं ठासणीच्या बंदुकीची नळी जवळजवळ डुकराच्या कानाला लावली आणि चाप ओढला. लोक धावत आले. त्यांनी डुक्कर पाहिलं, रूपसिंगला पाहिलं, आणि डोंगरसिंगला वाघाच्या काळजाचा ठरवून मोकळे झाले. लोक येईस्तोवर त्या जाळीत त्यानं काय ऐकलं हे कुणी विचारलं नाही. रूपसिंग लगेच मेला नव्हता.

तेव्हापासून डोंगरसिंगचा पाय जाळीत पडत नसे. जाळी सोडाच, तूर डोक्याएवढी झाली की तो तिच्यातूनही जाईना. बांधाबांधानं लांबचा फेरा घेई आणि कुणी विचारलंच तर म्हणे, "साप असते." लग्नाच्या पहिल्याच वर्षी बकरी हाकलायला तो तुरीत शिरला आणि मध्येच उभा राहिला. बायकोनं, मानीबाईनं, जाऊन पाहिलं तर हा घामानं निथळतोय आणि डोळे भलतीकडेच. तिनं मुकाट्यानं हाताला धरून त्याला बाहेर आणलं. त्यावर ती कधी बोलली नाही आणि तोही बोलला नाही. संसारात अशी एखादी गोष्ट असतेच, दोघंही तिला वळसा घालून चालतात.

शिकार मात्र त्यानं सोडली नाही. सोडली असती तर का सोडली ते सांगावं लागलं असतं. पाणवठ्यावर, मचाणावरून, मोकळ्या माळावर तो बंदूक चालवी आणि त्याचा नेम चांगला होता. भीती एकाच गोष्टीची होती. तांड्याचा जुना दंडक होता, ज्याच्या गोळीनं रक्त काढलं त्याचा पाय जाळीत पहिला. जनावर अर्धमेलं सोडून घरी येणं हे पाप, आणि ते निस्तरायला दुसऱ्याला पुढं घालणं हे त्याहून मोठं पाप. म्हणून जनावर जागीच पडेल अशी खात्री असल्याशिवाय डोंगरसिंग चाप ओढत नसे. कितीतरी जनावरं त्यानं डोळ्यांदेखत जाऊ दिली. लोक म्हणत, काय सबुरी आहे माणसाला!

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तांड्यामागं एक बिबट्या लागला. आधी कुत्री गेली, मग बकऱ्या, मग गोठ्यातलं वासरू. धिटाई अशी की दिवस उगवला की नाल्यापलीकडच्या टेकडीवर, मोठ्या खडकावर, ऊन खात बसायचा. बाया पाणी भरताना तो दिसायचा. ठासणीच्या बंदुकीचा छर्रा तिथवर पोचायचा नाही, आणि नाला ओलांडायला गेलं की साहेब उठून चालू लागायचे.

मग हरिसिंग नायकानं घराघरातून वर्गणी काढली. पुसदच्या एका देशमुखानं आपली जुनी जर्मन रायफल विकायला काढली होती, ती घेतली. यवतमाळला खेटे घालून लायसनावर चढवली. एवढं होईस्तोवर वर्गणीचा तळ दिसू लागला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रायफल नुसती खांद्याला लटकवून भागत नाही, तिला काडतुसं लागतात. काडतुसं परदेशी. बाहेरून माल येणं बंद झालेलं. ज्याच्याकडं शिल्लक होती तो सांगेल तो भाव.

शिल्लक होती ती पुसदच्या अब्दुल गनींकडं. गनीमियाँचं बंदुका दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. डोंगरसिंग तिथं गेला तेव्हा सोबत रामसिंग होता. रामसिंग म्हणजे मानीबाईचा धाकटा भाऊ. बहिणीच्या आधारानं याच तांड्यात येऊन राहिलेला, हसरा, पुढं पुढं करणारा गडी. गनीमियाँनी दोन काडतुसं काउंटरवर उभी केली.

"हे टनक टोकाचं. सुईवानी जाते. सस्तं हाय. हे नरम टोकाचं. आत गेलं का गोळी फुलते, जनावर जागीच बसते. पन महाग हाय. त्या टनकच्या पाच येतीन तं याचे दोनच."

"लंबून माराचं हाय," डोंगरसिंग म्हणाला. "नाल्यापल्याड."

"मंग तं नरमच घ्या. लंबून मारलेल्या जनावराले टनक गोळी आरपार जाते. त्याले वाटते काटा रुतला. थे पळते, आन मंग तुमाले त्याच्या मागं जा लागते. भाऊ, दोनच घ्या पन नरम घ्या."

डोंगरसिंगच्या मनातलं नेमकं हेच होतं. दोन काडतुसं त्याला पुष्कळ होती. पण पैसा तांड्याचा, निर्णय नायकाचा. गनीमियाँनी दोन्हींचा एकेक नग पारखायला दिला, आणि ते दोघं परत आले.

आता पारख कशी करायची? या लोकांचा जन्म सागाच्या रानात गेलेला. कुऱ्हाड घेतली तर ती सागावर मारून बघायची, पहार घेतली तर तीही सागावरच. सागापुढं टिकलं ते खरं, एवढा सरळ हिशेब. सगळा तांडा कडेच्या सागाच्या जाड खुंटाभोवती जमला. डोंगरसिंगनं दोन्ही गोळ्या झाडल्या. टणक गोळी खुंटाच्या पाठीमागून बाहेर निघून गेली. नरम गोळीनं पुढचं लाकूड बशीएवढं फोडलं आणि आतच राहिली. एका म्हाताऱ्यानं खुंटाला मागून हात लावून पाहिला आणि हसत सुटला.

"हे गोळी तं सागातच झोपली बाप्पा! बिबट्यात काय जाईन?"

सगळे हसले. लाकूड आणि कातडं यांत फरक असतो हे त्या हशात कुणाला सुचलं नाही. ज्याला ठाऊक होतं तो गप्प उभा होता. रामसिंगनं त्याच्याकडं पाहिलं.

"दुकानवाला तं नरम घ्या म्हनत होता. नाही का, भाऊजी?"

ही वेळ होती. नायक थांबला, लोक थांबले. पण 'नरम घ्या' म्हटलं की 'काहून?' आलं, आणि त्या 'काहून'चं उत्तर डोंगरसिंग इतकी वर्षं पोटात घेऊन फिरत होता. जनावर जाळीत गेलं तर माझ्याच्यानं मागं जाववणार नाही, हे वाघाच्या काळजाच्या माणसानं सगळ्या बायापोरांसमोर कसं म्हणावं?

"दुकानवाला महागच सांगनार," तो म्हणाला. "टनकच आना."

मानीबाई बायांच्या घोळक्यात उभी होती. तिनं ओढणी पुढं घेतली आणि घराकडं चालू लागली.

पुढं जे झालं ते गनीमियाँ सांगून गेले होते तसंच झालं. एका सकाळी बिबट्या खडकावर बसला होता. डोंगरसिंगनं नाल्याच्या अलीकडून, दगडावर रायफल टेकवून, सावकाश नेम धरला. गोळी लागली. नेमात खोट नव्हती, हे पुढं कातडं सोलताना सगळ्यांनी पाहिलं. बिबट्या उंच उसळला, खडकावरून घसरला आणि खालच्या बोराटीत दिसेनासा झाला. खडकावर रक्त होतं, पण थोडं.

डोंगरसिंग म्हणाला, "थांबा. त्याले गार होऊ द्या." शिकारीत हे शहाणपणाचंच बोलणं आहे. लोक थांबले. ऊन चढलं, डोक्यावर आलं, कलू लागलं. थांबण्यालाही एक हद्द असते. ती ओलांडली की शहाणपण कुठं संपलं आणि भीती कुठं सुरू झाली हे लपत नाही. हरिसिंग नायक चिलीम ओढत जमिनीकडं बघत होता. शेवटी डोंगरसिंग उठला, नाला उतरून पलीकडं गेला आणि जाळीच्या तोंडाशी उभा राहिला. पाय उचलेना. त्यानं जोर लावला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आईचं घेतलं. पाय जमिनीला चिकटलेलाच.

"भाऊजी, तुमी हितंच थांबा," रामसिंग मागून येत म्हणाला, अगदी सहज, पाणी आणायला निघाल्यासारखा. "मी तिकून हाकलतो. थे बाहीर आलं का घाला गोळी."

कुऱ्हाड घेऊन तो आत गेला. डोंगरसिंग त्याला 'थांब' म्हणाला नाही. हे त्याला मरेपर्यंत आठवलं.

बिबट्या मेला नव्हता. आतून रामसिंगची हाक आली, आणि ती ऐकल्यावर मात्र डोंगरसिंगचा पाय उचलला. कसा, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. काटे अंगात मोडत तो आत घुसला आणि रामसिंगच्या अंगावर बसलेल्या जनावराला त्यानं हातभर अंतरावरून गोळी घातली. बिबट्या जागीच पडला. रामसिंगला बाजेवर घालून आणलं, पण महागावचा रस्ता धरण्याआधीच तो गेला.

तांड्यानं कुणाला बोल लावला नाही. रामसिंगचं नशीब म्हणाले, उतावळेपणा म्हणाले. रामसिंगचे दिवस झाल्यावर हरिसिंग नायकानं चार गावच्या लोकांसमोर डोंगरसिंगच्या डोक्याला पागोटं बांधलं. मेव्हण्याच्या खुन्याला जाळीत शिरून मारला, म्हणून. डोंगरसिंगनं मान खाली घातली आणि ते बांधून घेतलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि त्याला ती सवय नव्हती.

रामसिंगच्या बायकोनं, धनीबाईनं, केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या, सवाष्णीचं लेणं, उतरवल्या. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. मानीबाई तिला आपल्याच घरी घेऊन आली. मानीबाई नवऱ्याशी कामापुरतं बोले. धनीबाई मात्र त्याची सेवा करी. पहिली भाकर त्याच्या ताटात, पहिला तांब्या त्याच्या हातात. कुणी पाहुणं आलं की सांगे, "भाऊजीनं मारलं थ्या जनावराले." डोंगरसिंगच्या घशाखाली घास उतरेना. तो वाळत गेला. रायफल त्यानं पुन्हा हातात धरली नाही. दोन-तीन वर्षं अशी काढल्यावर एका दुपारी मानीबाई बाजाराला गेलेली असताना, धनीबाईनं ताट पुढं केलं, आणि त्याला आणखी सोसवलं नाही.

"धनीबाई, मले पहिली भाकर नको देत जाऊ. त्या दिवशी जाळीपाशी माहा पायच उचलला नाही. माह्या जागी थो गेला. मी भेलो होतो."

धनीबाई चुलीपुढून उठली नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"गोळी पारखली ना सागावर, त्याच रोजी हे घरी येऊन बोलले. म्हने, भाऊजीले जाळीचं भेव हाय, थे काही सांगनार नाहीत. टनक गोळी घेतली, आता जनावर जाळीत जाईन. गेलं तं मीच पुढं होईन, त्यायले शरमू देनार नाही."

"तुले सांगितलं त्यानं?"

"त्यायनं सांगितलं नसतं तरी मले मालूम होतं. सारा तांडाच जानते भाऊजी. तुमी उभ्या तुरीतून जात नाही, हे लेकरायलेबी ठाऊक हाय. नायकालेबी ठाऊक."

"मंग कोनी बोललं काहून नाही?"

"तुमाले वाईट वाटलं असतं म्हनून." तिनं तव्यावरची भाकर उलटली. "तुमी एक डाव नुसतं म्हना लागत होतं, नरम आना. कोनी हासलं नसतं. सारे वाटच पाहून राह्यलते तुमची."

तिनं भाकर त्याच्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.