फॉर्मवरची टिल्ली

रफूवालीचं काम चांगलं झालं की लोक शाबासकी देत नाहीत, संशय घेतात. "फाटलं होतं ते नक्की कुठे?" असं म्हणत गिऱ्हाईक कोटाची बाही उजेडात धरून उलटसुलट करतं आणि ती गालातल्या गालात हसते. जिन्याखालच्या तिच्या दुकानात एक भिंग, सुयांची डबी आणि दोन स्टुलं, एवढाच कारभार. कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा असा विणायचा, की ज्याने कोट शिवला त्यालाही पत्ता लागू नये. शेजारचे लाँड्रीवाले काका सगळ्यांना सांगत, "हिच्या हाताखालून गेलेलं भोक शोधून दाखवा, धुलाई फुकट!"

हाताची सवय दुकानाला कुलूप लावताना आत थोडीच ठेवून येता येते?

तिची मुलगी पाच वर्षांची. अंगापिंडाने एवढीशी, म्हणून टिल्ली. शाळेत घंटा झाली की टिल्ली कान झाकून बाकाखाली शिरे, हाक मारली तर वळून बघत नसे, पंख्याकडे मात्र तास-तास बघत बसे. वर्गाच्या बाईंनी बरेच दिवस समजून घेतलं. मग एकदा रफूवालीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी काही डॉक्टर नाही, पण मला हा ऑटिझम वाटतो. तपासणी केंद्रातून दाखला आणा, म्हणजे तिच्यासाठी वर्गात मदतनीस देता येईल. दाखला नसेल तर पुढच्या वर्षी तिला इथे ठेवणं माझ्या हातात नाही."

नवरा बोटीवर, इंजिनखात्यात. रविवारचा फोन आला. "अगं, मीसुद्धा उशिराच बोललो होतो," तो म्हणाला. "उगाच डोक्यात काही घेऊ नकोस." समुद्रावर बसून धीर द्यायला काय जातं! तिने हूं हूं केलं आणि सोमवारी जाऊन केंद्रात नाव घातलं.

नाव घालायचं म्हणजे आठ पानी फॉर्म भरायचा. तिने तो घरी आणून सुवाच्य अक्षरात भरला. स्वतःच्या हाताने जेवते का? हो. म्हणजे, निळी ताटली असेल, ताटलीतल्या दोन गोष्टी एकमेकींना लागल्या नसतील आणि आई पाठ फिरवून बसली असेल, तर जेवते. पण एवढं सगळं त्या इवल्याशा चौकोनात मावणार कसं? कपडे घालते का? हो. कपडा उलटा, शिवण बाहेर, असा दिला की घालते. मुलांमध्ये मिसळते का? हो, हळूहळू. त्यात धडधडीत खोटं एक अक्षर नव्हतं. परक्या माणसाच्या हातात आपलं लेकरू द्यायचं तर तोंड धुऊन, केस विंचरून द्यावं, एवढंच तिने केलं होतं.

सहा महिने गेले. फोन केला की एकच उत्तर, "रांगेत आहे, कळवू." जीव टांगणीला लागला होता. शाळेचं वर्ष संपायला दोन महिने उरले, तेव्हा ती दुकान बंद करून केंद्राच्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिली.

काचेमागच्या बाईंनी कागद चाळले. "अजून दीड वर्ष तरी लागेल."

"पण माझ्यामागून आलेल्यांना तारखा मिळाल्या की हो!"

"आम्ही फॉर्म वाचून रांग लावतो. ज्यांचं फार अडलंय, ते आधी. तुमच्या फॉर्मप्रमाणे तर मुलगी छान आहे."

"छानच आहे ती."

"मग इथे कशाला आलात?"

बाई टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. बाईंनी एक कोरा फॉर्म खिडकीतून सरकवला. "चांगला दिवस लिहू नका. वाईटातला वाईट दिवस लिहा. आम्हाला तोच लागतो."

घरी जाताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फॉर्मवर तिने लेकीला रफू केलं होतं. इतकं बेमालूम, की वाचणाऱ्याला काही दिसलंच नाही. स्वतःच्या हातांचा तिला असा राग यापूर्वी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, टिल्ली शाळेत असताना, ती दुकानात लिहायला बसली. केस धुताना टिल्ली स्वतःच्या मनगटाला चावते, वण आहेत. नेहमीचा रस्ता खणला होता म्हणून दुसऱ्या गल्लीने नेलं, तर रस्त्यात आडवी पडून तासभर किंचाळली. लोक जमले. मी सांगितलं, तिला चक्कर आली आहे. लिहिता लिहिता तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात काका डोकावले. "काय गं, एवढं काय लिहितेस?"

"काही नाही, मापं," ती म्हणाली आणि कागदांवर कुणाचातरी कोट ओढला. काका भले माणूस. सांगितलं असतं तर स्टूल ओढून बसले असते. पण आजवर कुणाला काही सांगितलंच नव्हतं, तर सुरुवात कुठून करणार? काका गेले. ती एकटीच बसून लिहीत राहिली. एक प्रश्न तेवढा कोरा सोडला.

शनिवारी ती टिल्लीला घेऊन खिडकीपुढे उभी राहिली. बाईंनी शांतपणे वाचलं, आणि सातव्या पानावर बोट ठेवलं. "हा राहिलाय. मूल आईला हाक मारतं का? मागच्या वेळी हो लिहिलं होतंत."

'आई' हा शब्द टिल्लीला येत होता. साबणाच्या जाहिरातीतला मुलगा जसा ओरडतो, त्याच सुरात ती तो म्हणे. भिंतीकडे बघून, दिवसातून वीस वेळा. सुरुवातीला दर वेळी रफूवाली "ओ" देत धावत गेली होती.

"नाही मारत," ती म्हणाली.

"काचेमुळे ऐकू येत नाही. जरा मोठ्याने."

मागे रांग होती. टिल्ली पायाशी बसून फरशीच्या रेघेवरून बोट फिरवत होती. ती काय ऐकते आणि काय नाही, हे अजून कुणालाच कळलं नव्हतं.

"माझी मुलगी मला हाक मारत नाही," रफूवाली मोठ्याने म्हणाली. "एकदाही मारलेली नाही."

बाईंनी खूण केली, वहीत बघितलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली. तिला हवं होतं तेच मिळालं होतं. चिठ्ठी हातात घेताना तिला रडू आवरेना.

डोळे पुसून ती वळली. तिच्या मागे उभा असलेला माणूस रांगेतून बाजूला झाला होता. भिंतीजवळच्या बाकावर बसून, भरून आणलेला फॉर्म गुडघ्यावर धरून तो एकेक 'हो' खोडत होता. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं तिला फार वाटलं. पण त्याने मान वर केली नाही, आणि टिल्लीने तिचा हात दाराकडे ओढायला सुरुवात केली होती.