हेडमास्तरसाहेबांचं भाषण

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. मी नुकतीच प्राथमिक शाळेत मराठी शिकवायला लागले होते. आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांनी जन्मभर उर्दूतून शिकवलं. भांडण असो, सोयरीक असो, कचेरीतला अर्ज असो, मोहल्ल्यातले हिंदू-मुसलमान सगळे आधी त्यांच्या ओसरीवर जायचे. पुढं कचेरीचे कागद मराठीत यायला लागले आणि लोक यायचे थांबले.

एका संध्याकाळी ते वही घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि उर्दूतच म्हणाले,

"बेटी, मला मराठी शिकव."

"साहेब, तुम्हाला मी काय शिकवणार?"

"शिकव. धोबीगल्लीत नळ नाही. मेंबर लोकांशी त्यांच्याच भाषेत बोललो, तर ऐकतील."

नगरपालिकेचे मेंबर लोकांची गाऱ्हाणी ऐकायला शाळेत येणार होते. चार महिने साहेब रोज आले. वाचायला लागले, लिहायला लागले. फक्त 'ळ' काही जिभेवर बसेना. भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. 'डोळे पांढरे होणं' हा वाक्प्रचार मीच घातला. त्यांना तो फार आवडला होता.

सभेला ते इस्त्रीची शेरवानी घालून आले. सुरुवात झकास झाली. मग म्हणाले, "पाणी आणून आणून आमच्या बायांचे डोले पांढरे झाले."

मागून कुणीतरी "डोले, डोले" अशी नक्कल केली. सगळी सभा हसली.

मीही हसले.

त्यांनी बायकांच्या बाकांकडं पाहिलं. मला पाहिलं. कागदाची घडी घालून ते खाली बसले. पुढचा माणूस गटाराबद्दल बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मीच गेले. ते बाजेवर बसले होते.

"साहेब, माझं चुकलं."

त्यांनी मला समोर बसायची खूण केली. मग म्हणाले, "पिशोरच्या खेड्यातून एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. त्याच्या उर्दूला मी हसलो. तो पुन्हा शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी जायला पाहिजे होतं. तू तरी आलीस."

पण वही त्यांनी पुन्हा उघडली नाही. वर्षभरात ते आणि त्यांची बायको हैदराबादला मुलीकडं राहायला गेले.

धोबीगल्लीत नळ आला तो आणखी दोन वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या अर्जावर. नळावर भेटलेली परटीण म्हणाली, "बाई, ते म्हातारे साहेब कुठं हायेत वो? त्यान्ला कळवा की, पाणी आलं म्हणून. लई जीव टाकला व्हता त्यांनी."

मी उर्दूतून पत्र लिहिलं. उत्तर मुलीचं आलं. साहेब मागच्या रमजानमध्येच गेले होते.

काही दिवसांनी परटिणीनं पुन्हा विचारलं, "कळवलं का?"

"कळवलं," मी म्हणाले.

"काय म्हनले?"

"खूश झाले," असं सांगून मी घरी आले.