पूजेत बसलेला चाकू

शेतकी कॉलेजातल्या पदवीचा निकाल लागला तेव्हा सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि टेबलावर एक छोटी डबी ठेवली. हातात दिली नाही. धारेची वस्तू हातात द्यायची नसते, समोर ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची, हे त्यांच्याकडेही पाळत असावेत. आत मिटणारा चाकू होता. परदेशी, खास झाडांची कलमं करण्यासाठी बनवलेला, गडद लाकडाची मूठ, पातं एकाच बाजूनं धार दिलेलं. सर छत्तीसगढी, माझ्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "रोज चलाना. रखा रहेगा तो हाथ नहीं बैठेगा."

मी मान हलवली आणि घरी आल्यावर नेमकं उलट केलं. चाकू डबीत, डबी रुमालात, रुमाल कपाटातल्या इस्त्रीच्या ओढण्यांखाली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. इंग्रजी पुस्तकातलं पान कळलं नाही की मी सरांच्या दारात उभी राहायची आणि ते जेवणाचा डबा बाजूला सारून समजावून सांगायचे. त्या माणसानं दिलेली वस्तू माझ्या हातून हरवली किंवा बोथट झाली तर त्यांना तोंड कसं दाखवायचं? चाकूची किंमत मी एकदाच मोबाइलवर पाहिली आणि त्यानंतर कपाटाला कुलूप लावायला लागले.

मला दुर्गला, पद्मनाभपूरच्या पुढे, एका खासगी नर्सरीत काम लागलं. तिथं सगळे दाढीच्या ब्लेडनं कलमं बांधतात. ब्लेड अर्धं मोडायचं, काम झालं की फेकायचं. मीही तेच करत होते आणि ते चालूनही जात होतं. पण जून लाकडावर ब्लेड वाकतं, काप सरळ येत नाही. हे मला माहीत होतं आणि पुढे नेमकं जून लाकूडच कापायचं आहे, हेही माहीत होतं.

कारण बाबा निवृत्त होणार होते. बाबा पोलादाच्या प्लँटमध्ये फिटर. सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून आम्हाला कोहक्याला, आमच्या स्वतःच्या घरी जायचं होतं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात एक आंब्याचं झाड आहे. बाबा नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी भंडाऱ्याकडच्या आपल्या गावाहून आणलेली कोय तिथं पुरली होती. आंबा खायला बरा नाही, आंबट आणि रेषाळ. पण लोणच्याला असा की वर्ष उलटलं तरी फोड करकरीत राहते. गावचं मूळ झाड रस्ता रुंद करताना गेलं. म्हणजे त्याच्या वंशाचं हे एकच उरलं होतं. आमच्यानंतर क्वार्टर ज्यांना मिळायचं होतं ते एकदा पाहायला आले आणि मागची भिंत मुळांमुळे फुगली आहे, झाड काढावं लागेल, असं बोलून गेले.

कोय लावून तेच झाड येत नाही, आंबा बदलतो. तेच झाड हवं तर त्याच्या फांदीचं कलमच करावं लागतं. आई मला म्हणाली, "तू तं त्याचंच शिकली ना वो बाई? मंग कर ना." तिला हे भाजी निवडण्याइतकं सोपं वाटत होतं. मी "करीन" म्हटलं पण कपाटातली डबी काही काढली नाही.

नवमीच्या दिवशी मी नर्सरीतून दुपारी लवकर घरी आले. आमच्याकडे खंडे नवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. देवघरासमोर पाट मांडलेला, त्यावर बाबांचे पाने, पक्कड, हातोडी, आईची कात्री, विळी, बाजूला शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. आणि मधोमध, तांब्याच्या ताम्हनात, माझा चाकू. मिटलेला. दुधा-दह्यानं माखलेला, वर साखर आणि मध.

"आई, हे काय केलं?"

"कावून? पंचामृतानं अंघोळ घातली. नवीन हाय, पयल्यांदा पूजेत बसून राहिला. तुयाच्यानं तं झालं नसतं, मीच काढला कपाटातून. उघडून नाई राहिला होता, म्हनून तसाच ठेवला."

कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आईनं मनापासून केलं होतं. पान्यांवर नुसतं कुंकवाचं बोट आणि माझ्या चाकूला देवासारखा अभिषेक. पण ते पातं स्टेनलेस नव्हतं. साध्या पोलादाचं होतं, दह्यानं काळं पडणारं, आणि सांध्यात मध आणि साखर उतरलेली. मी हात पुढे केला.

"हात नको लावू!" आई ओरडलीच. "पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत उचलत नाई."

"खराब होते ना ते, आई. गंज येते."

"देवाच्या दुधानं कायचा गंज?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पलंगावर बसून चहा पीत होते. "विश्वकर्म्याच्या पूजेले आमच्या प्लँटात अख्खं शॉप बंद रायते," ते म्हणाले. "फोरमॅनबी पाना उचलत नाई. राहू दे एक दिवस."

"बाबा, तो सरांनी दिलेला हाय."

"मंग सरच्याच नावानं बसला समज."

त्या दुपारी आणि संध्याकाळी मी देवघराच्या आसपास किती फेऱ्या मारल्या असतील, देव जाणे. प्रत्येक वेळी दही थोडं अधिक वाळलेलं दिसायचं. एकदा मुंगी चढताना दिसली तर तिला फुंकर मारली. त्यावर आई म्हणाली, "मुंगीलेबी प्रसाद घेऊ दे ना." आई हसत होती आणि मला रडू येत होतं. तिला रागावायचं कसं? माझ्या वस्तूला घरात सर्वांत वरची जागा दिली म्हणून?

दसऱ्याला सकाळी आरती झाली, आईनं पाट हलवला आणि मी चाकू घेऊन मोरीत बसले. पातं जागचं हलेना. कोमट पाण्यात बुडवला, जुन्या टूथब्रशनं सांधा घासला, शिवणयंत्राचं तेल सोडलं. शेवटी उघडला तेव्हा पात्याच्या मुळाशी काळपट डाग आला होता. राख लावून घासला, लिंबू लावलं तर आणखीच काळा झाला. गेला नाही.

डाग पडला आणि माझी भीती संपली, असं लिहायला मला आवडलं असतं. संपली नाही. पण आता तो रुमालात गुंडाळून परत कपाटात ठेवावा असं त्यात काही उरलं नव्हतं. मी तो पर्समध्ये टाकला आणि दिवाळीच्या आधीच नर्सरीत न्यायला लागले.

सुरुवातीला काम कमी आणि चाचपणीच जास्त. स्कूटी लाल दिव्याला थांबली की पर्सवर हात. दुर्ग स्टेशनवर चुलत बहिणीला आणायला गेले तेव्हा पर्स तपासणीच्या यंत्रातून गेली आणि शिपाई म्हणाला, "मैडम, इसमें चाकू है क्या?" मागे रांग, सगळे माझ्याकडे बघताहेत. मी नर्सरीचं ओळखपत्र काढलं, रोपांविषयी काहीतरी बोलले, मला काही सुधरेना. त्यानं चाकू उलटसुलट पाहिला, "पेड़ काटने के लिए इतना छोटा?" असं विचारून परत ठेवला. मी गाडीची वाट न बघता बाहेर जाऊन उभी राहिले आणि बहिणीला फोन करून बाहेरच बोलावलं.

घरी हे सांगितलं तर आईनं पर्स बाजूला ठेवायला लावली आणि माझ्या कामाच्या सगळ्या कुर्त्यांना उजव्या बाजूला खोल खिसा शिवून दिला. "पर्स कोनी ओढून नेली तं?" तिची भीती वेगळीच होती.

नर्सरीत वेगळाच त्रास. तिथल्या छत्तीसगढी बायकांची जीभ तिखट. मी पोत्याची सुतळी तोडायलाही ब्लेड शोधत फिरते हे पाहून त्यांच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "मैडम के चाकू गहना हे. बिहाव म पहिनही." लग्नात घालायचा दागिना म्हणे! सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्यासमोर सुतळी चाकूनंच तोडली. मग तीच बाई तार कापायला चाकू मागायला आली. मी नाही म्हटलं. "का होही, मैडम?" "धार जाही," मी तिच्याच बोलीत म्हटलं. ती पुटपुटत गेली आणि दिवसभर मला वाटत राहिलं की आपण मोठ्या घरच्यांसारखं वागलो. संध्याकाळी तिला मी माझी पक्कड देऊन टाकली.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी कडुनिंबाच्या आणि पेरूच्या काड्या कापायची. कलमाच्या कापात एकच गोष्ट असते: पातं एकदा ओढायचं आणि काप काचेसारखा सपाट यायला हवा. पुन्हा खरडलं की मधे पोकळी राहते आणि कलम वाळतं. माझा हात अर्ध्यावर थांबायचा. पातं वेडंवाकडं गेलं तर, तुटलं तर, हाच विचार. डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी ही नेहमीची झाली. बाबा बघून म्हणायचे, "डिग्री भेटली तरी बोट कापूनच राहिली." पण थंडी सरेपर्यंत एक बदल झाला होता: मी चाकू कधी उघडला हे मला कळेनासं झालं होतं. सुतळी दिसली की तो हातात आलेला असायचा. आणि हे लक्षात आलं की लगेच भीती वाटायची, कारण ज्याच्याकडे लक्ष नाही ते हरवतं.

मग झाडानंच घात केला. माघात आंबा असा मोहोरला की पान दिसेना. शेजारीपाजारी खूश, आई तर हरखून गेली. "जाता जाता देऊन राहिला बिचारा." मला मात्र घाम फुटला. मोहोर आलेली फांदी कलमाला चालत नाही. बिनमोहोराची, फुगलेल्या डोळ्याची काडी लागते, आणि त्या वर्षी अख्ख्या झाडावर तशा काड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. चुकायला जागा नव्हती. मी त्यांना लाल दोरे बांधले आणि पानं कापून नुसते देठ ठेवले, म्हणजे डोळा फुगतो. आठवडाभर रोज कामाला जाण्याआधी मान वर करून बघायची, माकडांनी मोडल्या तर नाहीत ना.

कलमं बांधली तो रविवार होता. ज्यांच्यावर काड्या बांधायच्या ती पिशव्यांतली आंब्याची साधी रोपं मी नर्सरीतून आधीच आणून ठेवली होती. बाबा शिडीवरून काड्या काढून देत होते, ओल्या फडक्यात गुंडाळून. आई शेजारी बसून प्लॅस्टिकच्या पट्ट्या धरत होती.

"बोलू नको हं आई."

"मी कुठं बोलून राहिली?"

पहिल्या काडीवर माझा हात पुन्हा अर्ध्यावर थांबला. काप पायरीसारखा आला. दुरुस्त करायला गेले तर काडीच आखूड झाली. ती गेली. आईनं तोंडावर पदर धरला. बाबा शिडीवरून म्हणाले, "सरले दाखवून राहिली का काय? आमाले पाहून कर." मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी आईला म्हटलं, तू बोलच. काहीही बोल. ती लोणच्याचं बोलायला लागली. कोणत्या वर्षी तेल कमी पडलं, कोणत्या वर्षी बरणीला तडा गेला. दुसरी काडी तिच्या बोलण्यात कापली गेली, सपाट. चीक पात्यावर उतरला आणि दह्याच्या डागाशेजारी नवा काळा ओघळ आला. तो मी तेव्हा पुसलाही नाही. उरलेल्या सगळ्या बांधून झाल्या तेव्हा माझी बोटं वाकडी राहिली होती, सरळ होईनात.

चैत्रात आम्ही कोहक्याला आलो. पिशव्या टेम्पोत सामानाबरोबर नाही ठेवल्या. बाबांच्या आणि माझ्या मांडीवर आल्या. जिन्याखाली सावलीत मांडल्या, वर ओलं गोणपाट. बाहेर पारा चढत होता. कलम लागलं की नाही हे देठ सांगतो. लागलं असेल तर देठ पिवळा पडून बोट लावताच गळतो, नसेल तर तिथंच काळा होऊन चिकटून बसतो. आई रोज विचारायची, "लावू का बोट?" आणि मी रोज नाही म्हणायची. एकेक काडी काळी पडत गेली. बाबांनी त्या मला न सांगता उचलून भिंतीमागे ठेवल्या, पण मला मोजायची गरज नव्हती.

आता दोन उरल्या होत्या. एका सकाळी आईनं मला न विचारताच बोट लावलं. देठ गळून तिच्या तळहातावर पडला. तिनं तो मला तसाच दाखवला, आपल्या हातून काही मोडलं असं समजून, घाबरून.

"मी काई नाई केलं वो. आपोआप पडला."

मी खाली बसले. डोळ्याच्या टोकाशी तांबूस पान फुटत होतं, नखाएवढं. दुसऱ्या काडीला हात लावायची माझी छाती झाली नाही. अजून वैशाख आणि ज्येष्ठ जायचे होते, आणि जिन्याखाली ऊन तिरपं येत होतं.

"लोनचं कधी होईन याचं?" आईनं विचारलं.

"चार-पाच वर्षं तरी, जगलं तं."

"असं काहाले म्हनते?" ती रागावली. मग तिनं गोणपाट पुन्हा ओलं केलं, पिशवी जराशी आत सरकवली आणि हळूच म्हणाली, "आता कोनाले सांगू नको. तुया सरलेबी नाई. पान मोठं होऊ दे."

मी सांगितलं नाही. बाबा आतून जुनी चादर घेऊन आले आणि आम्ही ती उन्हाच्या बाजूनं जिन्याच्या कठड्याला बांधू लागलो.