शिंगे नसलेल्या जनावराचा दाखला

ऐंशीच्या सुमारास आमच्या भागात सरकारचं लक्ष नाही अशी एकही वस्तू नव्हती. घरात रेडिओ असला की पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे. सायकलला पत्र्याचा बिल्ला लागे, आणि नसला की भर रस्त्यात चाकातली हवा जाई. पिठाच्या गिरणीला परवाना, चहाच्या गाड्याला परवाना. भालकीच्या बाजारात बैल विकला तर त्याच्या रंगासकट आणि भोवऱ्यासकट पावती फाटे. एवढ्या जागरूक राज्यात एका माणसाने बंद गुऱ्हाळात अकरा कुत्र्या बांधून त्यांची पिल्लं विकायला काढली, तेव्हा त्याला कुणाचीही, कसलीही परवानगी लागली नाही. स्वातंत्र्य कशाला म्हणतात ते मी त्या गुऱ्हाळात पाहिलं.

मी तेव्हा भालकीहून उदगीरच्या वाटेवर, सरहद्दीच्या कर्नाटकाकडच्या एका गावात सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली सही माझी आहे. मी डॉक्टर नव्हतो, मदतनीस होतो. पण डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि उरलेले सहा दिवस गाव मलाच डाक्टर म्हणे. मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

गुऱ्हाळवाल्याला सगळे अण्णा म्हणत. साखर कारखाना झाला, ऊस तिकडे जायला लागला आणि अण्णांचं गुऱ्हाळ थंड पडलं. मग त्यांनी हैदराबादहून पांढऱ्या पामेरियन कुत्र्या आणल्या. गूळ शिजवायच्या लोखंडी काहिलीत आता पिल्लं ठेवलेली असत. काठ उंच, त्यामुळे एकालाही बाहेर पडता येत नसे. त्यांच्या आया मागच्या भिंतीला, चिपाडांच्या ढिगाशेजारी, आखूड दोरीने बांधलेल्या. गिऱ्हाइकाला काहील दाखवत. मागच्या भिंतीकडे कुणाला नेत नसत.

त्या दिवसांत मी तिकडे एकदाच गेलो. एक कान तुटलेली कुत्री होती, दोरीने तिच्या मानेचे केस गेलेले, आचळं जमिनीला टेकलेली. ती उभी राहिली, दोन पावलं आली, दोरी संपली, तशी बसली.

मी म्हणालो, "अण्णा, हिचं अंग जरा भरू द्या की. दोन वर्षांत हे चौथं वेत."

"डाक्टर, म्हशीच्या वेताला तुमी पेढे खायलाव," अण्णा म्हणाले. "मग कुत्रीचाच येवढा पुळका कामून यायलाय?"

मी तिच्या मानेला जांभळं औषध लावलं आणि घरी आलो. मला वाईट वाटलं होतं, हे मी अगदी खरं सांगतो. वाईट वाटण्यात आमचा हात कुणी धरला नसता.

पिल्लांची गिऱ्हाइकं उदगीर-लातूरकडून एसटीने येत. हीच माणसं बैल घ्यायला निघाली की काय थाट असे. दात मोजणार, खूर दाबणार, शेपटी ओढणार, गाडीला जुंपून अर्धा कोस चालवून आणणार, वर मालकाच्या शेजाऱ्याला हळूच विचारणार. त्यांनाच काहिलीत कापसासारखं पिल्लू दिसलं की चाळीस वर्षांची अक्कल एसटी स्टँडवर राहून जाई. फक्त एक सवय काही सुटत नसे. जनावर म्हटलं की कागद पाहिजे.

म्हणून एक दिवस अण्णा दवाखान्यात आले. सोबत गरम कांदाभजी होती. "डाक्टर, लोक कागद मागायल्यात. तुमच्याकडचा एक द्या की."

कुत्र्यासाठी सरकारने कागद काढलेलाच नव्हता. लसही पाठवलेली नव्हती. आमच्याकडे होते गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचल्याचे दाखले. सगळे कन्नडात छापलेले, वर राज्याची मुद्रा, खाली गोल शिक्क्याची जागा. माझी शाळा कन्नड, घर मराठी. मला तो दाखला पाठ होता. लातूरकडच्या माणसाला मात्र ती नुसती सुंदर नक्षी. मी एक भजी तोंडात टाकली आणि पहिला दाखला भरला. रंग: पांढरा. शिंगांचा आकार, या ओळीत मी थोडा अडखळलो आणि 'नाहीत' असं लिहिलं. खोटं लिहायचा माझा स्वभाव नाही.

तो कागद काय चालला! अण्णांनी त्याला प्लास्टिकची पिशवी घातली. लोकांना वाटे, ही पिल्लाची वंशावळ आहे. कुणी तो देवघरात ठेवला म्हणे. ज्याला वाचता येत नाही त्या कागदावर आमच्या सरहद्दीचा माणूस जेवढा विश्वास टाकतो तेवढा पोटच्या पोरावर टाकत नाही. मी वर्षभर सह्या करत होतो. गुऱ्हाळात पुन्हा गेलो नाही, कारण तिथे गेलं की वाईट वाटतं.

मग एका सकाळी उदगीरहून निरोप आला. तिथे माझी थोरली बहीण, शाळेचं तोंड न पाहिलेली, दिली होती. निरोप एवढाच होता की अक्का सरकारी दवाखान्यात आहे, लगेच ये.

अक्का बाकावर बसली होती. शेजारी तिची नऊ वर्षांची मुलगी, माझी भाची, उजव्या हाताला पट्टी. तिने वर्षभर कुत्र्याचा हट्ट धरला होता. अक्काने अण्णांच्या गुऱ्हाळातून पिल्लू आणलं. आठव्या दिवशी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, दूध पाजायला गेलेल्या भाचीला ते कडाडून चावलं, आणि दोन दिवसांनी मेलं.

"आमच्या गावातून घ्यायचं होतं तर मला इचारायचं की," मी म्हणालो.

"कामून इचारू? तुझी सही बघितली की मी," अक्का म्हणाली. "भावाची सही हाय म्हणून डोळे झाकून घेतलं."

तिथले डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. पिल्लाच्या आईला पिसाळीची लस दिली होती का, एवढंच त्यांना हवं होतं. अक्काने पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढली. डॉक्टरांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्याकडे दिला. "तुम्हाला येतं ना कन्नड? वाचा."

मी माझीच सही असलेला कागद हातात धरून उभा होतो. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, भाचीही बघत होती. मी वाचलं. वरील म्हशीस घटसर्पाची लस टोचली आहे. रंग पांढरा. शिंगे नाहीत.

डॉक्टर हसले नाहीत. अक्काने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी करून परत पिशवीत घातला.

पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. मी रजा टाकून चौदाही दिवस भाचीला घेऊन गेलो. पाचव्या दिवसापासून ती रडायची थांबली आणि मला तेच जास्त लागलं. तिला काही झालं नाही. पण होणार नाही हे कळायला कितीतरी महिने गेले, आणि त्या महिन्यांत ती पाण्याचा पेला तोंडाला लावे तेव्हा घरातलं कुणी श्वास घेत नसे.

परत आलो ते थेट गुऱ्हाळात. तुटक्या कानाची कुत्री दिसली नाही.

"गेली ती," अण्णा म्हणाले. "तिच्या जागी दुसरी आणली."

मग मी अर्ज केले. आमच्या खात्याने कळवलं, कुत्रे आमच्या योजनेत बसत नाही. पंचायत म्हणाली, मोकाट कुत्री आमची, बांधलेली नव्हेत. पोलीस सर्वांत मायाळू निघाले. कुत्रं कर्नाटकाचं आणि चावलं महाराष्ट्रात, तेव्हा गुन्हा नेमका कुठे घडला हे आधी ठरवून या, म्हणाले. अण्णांनी मधल्या काळात बिदरहून स्वतःचा शिक्का करून आणला. त्याला भजीही लागत नव्हती.

आता कुणी म्हणतं, कुत्री-मांजरं पैदा करून विकणाऱ्यांवर सरकारचा कायदा कशाला, माणसाचा चांगुलपणा पुरे. चांगुलपणाचा मला अनुभव आहे. मी गावातला चांगला माणूस होतो, कुणालाही विचारा. मला कायदाच हवा. परवाना हवा, वर्षातून दोनदा कुणीतरी न सांगता येऊन काहील सोडून मागच्या भिंतीकडे जायला हवं, आई बघायला हवी, तिची वेतं मोजायला हवीत, आणि कागद वाचता येईल अशा भाषेत हवा. आणि पहिली तपासणी माझ्यासारख्या सही करणाऱ्याची हवी.

भाची पुढे कॉलेजात जायला निघाली. तिचे वडील तोवर वारले होते, म्हणून पालकाच्या सहीसाठी ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. तिने तो टेबलावर ठेवला. मी सवयीने पेन उघडून खालची रेघ शोधायला लागलो.

तिने त्या रेघेवर हात ठेवला. उजवा.

"मामा, आधी वाच," ती म्हणाली. "मग सही कर."

मी पेन बंद केलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.